सासूबाईंना ओढ्याकाठी फिरवून आणणे

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. ओढ्याकाठची वाट सोपी आहे, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. त्या वाटेवर माझा एक बूट, चष्म्याची एक काडी, उद्यान खात्याची किल्ली आणि गटप्रमुख म्हणून मिळवलेली सगळी पत राहून गेली, हे खरं. पण त्यात वाटेचा काय दोष?

मी विमा कंपनीत दावे तपासतो. माणसं जिन्यावरून पडतात, सायकलवरून पडतात, एक गृहस्थ तर बसल्या खुर्चीतून पडून भरपाई मागायला आले होते. त्या सगळ्यांना "आपण पुरेशी काळजी घेतली होती का?" हा प्रश्न मी आयुष्यभर विचारत आलोय. अपघात या विषयात माझा शब्द शेवटचा मानतात, निदान आमच्या मजल्यावर तरी. तेव्हा मी एखादी वाट सोपी आहे म्हणतो ते उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असं म्हणत नाही.

तर झालं असं. सासूबाई शुक्रवारी संध्याकाळी दोन दिवसांसाठी आल्या, आणि त्या दोन दिवसांत त्यांना कायमचं इथं राहायला तयार करायचं, असा बायकोचा बेत होता. शेजारच्या इमारतीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. घरमालक रविवार संध्याकाळपर्यंत थांबायला तयार होता. त्यानंतर दुसरं बिऱ्हाड सामान बांधून बसलेलंच होतं. सासरे गेल्यापासून सासूबाई दूरच्या शहरात चौथ्या मजल्यावर एकट्या राहतात. इमारतीला लिफ्ट नाही. मागच्या थंडीत त्या न्हाणीघरात पाय घसरून पडल्या, आणि सकाळी दूधवाल्याला संशय येऊन त्यानं दार उघडवेपर्यंत तशाच पडून होत्या. हे आम्हाला कळलं महिन्यानं, तेही दुधाचा विषय निघाला म्हणून. त्या दिवसापासून बायको फोन उशाशी घेऊन झोपते. मध्येच उठते, फोन चालू आहे ना बघते, परत झोपते. मी झोपेचं सोंग घेतो. दुसरं काय करणार?

सासूबाईंबद्दल आणखी एक माहिती आवश्यक आहे. त्या कोर्टात लघुलेखिका होत्या. साक्षीदार जे बोलेल ते शब्दन् शब्द टिपायचं, हे त्यांचं काम. नोकरी संपली, कान तसेच राहिले. तुम्ही लग्नाच्या वर्षी सहज बोललेलं वाक्य त्या आज तुम्हाला अर्धविरामासकट परत करतात. भांडत नाहीत, चिडत नाहीत, फक्त परत करतात. त्यामुळे त्यांच्यासमोर मी फार जपून बोलतो. फक्त त्या शुक्रवारी जेवताना जपलो नाही.

"घर काय, कुठंही चार भिंतीच," त्या म्हणाल्या. "मला रोज चालायला लागतं. तिकडं निदान बाग आहे. इकडं काय आहे?"

बायकोनं माझ्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर या बघण्याचा अर्थ कळतो. अर्थ असा होता, की बोला काहीतरी, एरवी तर थांबत नाही.

"इकडं?" मी म्हणालो. "अहो आई, आपल्या मागेच ओढा आहे. ओढ्याकाठी दाट झाडी, झाडीतून वाट. सोपी, सपाट, सावलीची. लहान मुलानं डोळे मिटून चालावी. अर्ध्या तासात गोल फिरून आपण आपल्याच दारात."

"तुम्ही नेहमी जाता?"

"नेहमी."

आता यात खोटं काही नव्हतं. मी नेहमी जातो. बाकापर्यंत जातो. फाटकातून आत गेलं की थोड्याच अंतरावर एक बाक आहे. त्यावर मी बसतो, बुटातला खडा काढतो, निसर्ग बघतो आणि परत येतो. बाकापुढे वाट वळते. वळलेली वाट कुठेतरी जातेच, आणि आमच्या घराच्या मागेच ओढा असल्यामुळे ती आमच्या घराकडे येणार हे साधं तर्कशास्त्र आहे. तिच्यावर चालून बघायची गरज मला वाटली नाही. आपण रोज बँकेत पैसे ठेवतो, म्हणून तिजोरीत उतरून बघतो का?

शनिवारी सकाळी रंगीत तालीम म्हणून मी एकटाच निघालो, तर फाटकाला नवंकोरं कुलूप. कुलूप म्हणजे असं, की एवढ्या कुलपाआड एवढंसं रान बघून कोणालाही रानाची दया यावी. शेजारी पाटी होती, 'परवानगीशिवाय प्रवेश नाही.' तसाच उद्यान खात्याच्या कार्यालयात गेलो. तिथं एका टेबलामागे एक कारकून बसला होता, आणि टेबलावरच्या कुंडीत उद्यान खात्याचं एक रोप वाळून गेलं होतं.

"फाटक आमचं आहे," कारकून म्हणाला, "पण ओढा पाणी खात्याचा."

"मला ओढा नकोय. वाट हवीय."

"वाट दोघांच्या मधे आहे. एकट्या माणसाला सोडत नाही आम्ही. तो पडला तर कळवणार कोण? किमान पाच प्रौढ माणसं पाहिजेत, आणि त्यांतला एक गटप्रमुख."

"गटप्रमुखाला काय करावं लागतं?"

"काही झालं तर जबाबदार राहावं लागतं."

"आणि काही झालं नाही तर?"

कारकुनानं पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. "तसं अजून झालेलं नाही," तो म्हणाला.

मग त्यानं उद्देश विचारला. मी "फिरणे" म्हणालो. फिरण्याला परवानगी लागत नाही म्हणाला. मग कुलूप काढा म्हटलं, तर कुलूप काढायला परवानगी लागते म्हणाला. शेवटी आम्ही दोघांनी मिळून 'निसर्ग निरीक्षण' या उद्देशावर तडजोड केली. किल्ली देताना त्यानं बजावलं, "आत गेल्यावर फाटकाला आतून कुलूप लावायचं. उघडं राहिलं, तर लोक आत जातात."

मी किल्ली घेऊन बाहेर पडलो तेव्हा, खोटं कशाला सांगू, छाती दोन बोटं फुगली होती. इतकी वर्षं नोकरी करून मी कशाचाही प्रमुख झालो नव्हतो.

आता पाच माणसं. मी, बायको, सासूबाई, झाले तीन. चौथे वरच्या मजल्यावरचे कर्नल. ते सैन्यात कधीही नव्हते. आयुष्य बँकेच्या लॉकर विभागात गेलं. पण मिशा तशा आहेत आणि जिना उतरतात तो शत्रूवर उतरल्यासारखा, म्हणून कर्नल. पाचव्या समोरच्या शिकवणीच्या बाई. गणिताच्या शिकवण्या घेतात, त्यामुळे त्यांना जगात उत्तर नसलेलं काही आहे हे मान्य नाही. दोघांनाही मी विचारायचा अवकाश, दोघेही वाटेवर तुटून पडले.

"ती वाट? तळहातासारखी पाठ आहे मला!" कर्नल म्हणाले. "एकच नियम. ओढा कायम उजव्या हाताला ठेवायचा."

"डाव्या," बाई म्हणाल्या. "आकृती काढून दाखवू?"

"बाई, मी त्या वाटेनं तुमच्या शिकवण्या सुरू व्हायच्या आधीपासून जातोय."

"म्हणूनच तुम्हाला आठवत नाही. पुढे पूल आहे, तिथून झाडी काय सुंदर आहे म्हणून सांगू!"

पूल आहे म्हटल्यावर मला फारच धीर आला. संध्याकाळी मी घरात पुलाचाही उल्लेख केला. "पूलसुद्धा आहे," मी सासूबाईंना म्हणालो. त्यांनी मान हलवली. म्हणजे टिपलं.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. कर्नलांकडे दोर, होकायंत्र आणि शिट्टी होती. बाईंकडे छत्री आणि औषधांची पेटी. बायकोकडे सँडविचचा डबा, सासूबाईंकडे त्यांची काठी, जी त्या टेकवत नाहीत, नुसती बरोबर नेतात. मी ऑफिसचे पॉलिश केलेले बूट घातले होते. सोप्या वाटेला डोंगरात जायचे बूट घालणं म्हणजे आपल्याच शब्दावर अविश्वास दाखवणं झालं.

कुलूप उघडलं, सगळ्यांना आत घेतलं, आणि नियमाप्रमाणे आतून कुलूप लावून किल्ली वरच्या खिशात ठेवली. पहिला टप्पा काय सांगू! ऊन पानांतून खाली सांडत होतं, ओढा खळखळत होता. "वा!" सासूबाई म्हणाल्या. बायकोनं माझा हात दाबला. मीही त्या ओढ्याला मीच पाणी सोडल्यासारखा चाललो होतो.

मग बाक आला आणि आम्ही थांबलो. मी कर्नलांना "चला, व्हा पुढे" म्हणालो. कर्नल बाईंना "आधी स्त्रिया" म्हणाले. बाई मला म्हणाल्या, "गटप्रमुख तुम्ही." असं बराच वेळ चाललं. सासूबाई बाकावर टेकून हे सगळं बघत होत्या.

"तुम्ही कोणीच या बाकाच्या पुढे गेलेला नाहीत," त्या शेवटी म्हणाल्या.

कर्नल होकायंत्रात बघायला लागले. बाईंनी छत्री उघडली. मला त्या दोघांचा असा संताप आला म्हणून सांगू! इतकी वर्षं ही माणसं ती वाट काय सुंदर आहे म्हणून मला सांगत होती, आणि त्यांच्या भरवशावर मी दुसऱ्यांना सांगत होतो. त्यांना ते बहुधा मीच सांगितलेलं असावं, पण तो मुद्दा वेगळा.

"आई, आता तर खरी मजा," मी म्हणालो आणि पुढे झालो.

वळणापलीकडे जंगल नव्हतं. चादरी होत्या. वाटेवर आडव्या दोऱ्या बांधून त्यांवर चादरी, उशांचे अभ्रे, कोणाचा तरी लांबलचक पायजमा. एक बाई तोंडात चिमटे धरून कपडे वाळत घालत होत्या. मी गटप्रमुख या नात्यानं विचारलं, "वाट कुठून आहे?"

"ही काय, इथूनच. माझ्या पाण्याच्या टाकीखालून," त्या चिमटे काढून म्हणाल्या. "कुंपण जरा पुढं घेतलंय. तात्पुरतं. सगळ्यांनीच घेतलंय."

पुढे बघितलं तर खरंच. ओढ्याकडे पाठ असलेल्या एकूण एक घरानं आपलं कुंपण तात्पुरतं ओढ्यापर्यंत आणलं होतं, आणि ओढ्याकाठची रानवाट म्हणजे आता लोकांची ओळीनं मागची अंगणं होती. आम्ही वाकून टाकीखालून निघालो. मागे वळून बघतो तर सासूबाई नाहीत. त्या चादरीचं एक टोक धरून उभ्या होत्या, दुसरं टोक त्या बाईंच्या हातात, दोघी मिळून चादर झटकून घडी घालत होत्या आणि गुडघेदुखीवर बोलत होत्या. एक घडी झाली, दुसरी घेतली.

"आई, उशीर होतोय," मी म्हणालो.

"कशाला?" त्यांनी विचारलं आणि तिसरी चादर उचलली.

त्यापुढच्या अंगणात होडी होती. चेष्टा नाही, खरी लाकडी होडी, या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत. आणि तिला रंधा मारत होता आमचा न्हावी, ज्याच्यासमोर मी महिन्यातून एकदा मान खाली घालतो.

"या या!" तो म्हणाला. "होडीतून जा. इकडून चढायचं, तिकडून उतरायचं. सगळे तसंच जातात."

"सगळे कोण?"

"आमची मांजर जाते."

सासूबाईंनी होडीवरून हात फिरवला. "सुरेख झालीय. कुठं नेणार हिला?"

"ते अजून ठरवलं नाही. आधी पुरी तर होऊ दे."

"अरे पण ओढ्याला गुडघाभर पाणी आहे," मी म्हणालो. न्हाव्याचा चेहरा पडला. सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की कोर्टात असतो तर न्यायाधीशांनी मला समज दिली असती. त्या वर चढून होडीत मधल्या फळीवर बसल्या, आणि न्हावी त्यांना वल्ही दाखवत बसला. कर्नल चढले पण उतरता येईनात. त्यांचा दोर वल्ह्यात अडकला होता. त्यांना सोडवताना त्यांचं कोपर माझ्या चष्म्याला लागलं आणि एक काडी गेली. शिकवणीच्या बाईंनी औषधांच्या पेटीतली चिकटपट्टी लावून चष्मा माझ्या कानाला बांधला. त्यानंतर मला दिसत होतं, पण डाव्या बाजूला थोडं वरचं.

होडीनंतर काठ संपला. पुढे भिंत, आणि वाट ओढ्यापलीकडे. पूल नव्हता. पाच-सहा दगड होते.

"तुम्ही म्हणालात, 'पूलसुद्धा आहे,'" सासूबाई म्हणाल्या.

"हाच तो, आई. नैसर्गिक पूल. बघा, मी दाखवतो. शरीराचा तोल मध्यभागी ठेवायचा, नजर समोर, आणि—"

पुढचं वाक्य मी ओढ्यात बसून पूर्ण केलं. पाणी गुडघाभरच होतं, हा माझा अंदाज बरोबर निघाला. पण बसलेल्या माणसाला ते छातीपर्यंत येतं. एक बूट चिखलानं ठेवून घेतला. आणि वाकून तो शोधताना वरच्या खिशातून उद्यान खात्याची किल्ली सुळकन गेली ती गेलीच. मी चाचपडलो. हाताला एक बेडूक लागला, त्यालाही धक्का बसला. बाकीचे चौघे माझ्या शेजारून दगडांवर पाय देत आरामात पलीकडे गेले. सासूबाईंनी तेवढ्यापुरती काठी टेकली.

मागचं फाटक आतून बंद, किल्ली पाण्यात. आता परत फिरायची सोयच उरली नाही. विम्याच्या भाषेत याला 'निष्काळजीपणातून उद्भवलेली परिस्थिती' म्हणतात, आणि त्यावर एक दमडी मिळत नाही.

पलीकडे मात्र खरंखुरं रान होतं. उंच झाडं, पानांचा जाड थर, ओला वास. आणि त्यात आम्ही हरवलो. रान रुंदीला केवढं, तर एका टोकाला शिंक आली तर दुसऱ्या टोकाला ऐकू यावी. कुठल्यातरी घरातल्या धुण्याच्या मशीनची घरघर येत होती, कोणीतरी मुलाला आंघोळीसाठी ओरडत होतं, आणि आम्ही पाच सुशिक्षित माणसं एकाच पडलेल्या झाडाजवळ पुन्हा पुन्हा येत होतो. कर्नल ओढा उजवीकडे ठेवायचे, बाई डावीकडे, आणि दोघांचं समाधान करता करता आम्ही गोल फिरत होतो.

शेवटी त्या आडव्या झाडावर बसून सँडविच काढले. पाण्यावरून निळंशार काहीतरी सर्रकन गेलं.

"पोपट," कर्नल म्हणाले.

"खंड्या," सासूबाई म्हणाल्या, आणि किती तरी वेळ त्या दिशेनं बघत राहिल्या.

बायकोनं मला बाजूला घेतलं. मला वाटलं, ओल्या कपड्यांची काळजी असेल. पण तिचे डोळे भरले होते.

"अहो, कशाला सांगितलंत सोपी, सपाट? सरळ सांगायचं होतं, मला माहीत नाही म्हणून. ती आता काय म्हणेल? हे असले लोक, ही असली जागा! उद्या जाईल परत. आणि पुन्हा पडली म्हणजे? मी काय करू, सांगा ना? रोज रात्री त्या फोनकडे बघत बसू?"

"मी जरा आत्मविश्वासानं बोललो, इतकंच," मी म्हणालो. एका पायात बूट नसताना हे वाक्य म्हणणं सोपं नसतं. ती डोळे पुसून डबा बंद करायला गेली. मला तेव्हा फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी जास्तच जोरात चालायला लागतो. धुण्याच्या मशीनचा आवाज धरून मी सरळ नाकासमोर निघालो. आणि सांगायला आनंद वाटतो, की माझंच बरोबर निघालं. झाडी संपली आणि समोर एक उंच पत्र्याचं कुंपण आलं, त्यात एक दार.

कर्नलांनी शिट्टी फुंकली. दार उघडलं. दारात अर्धी चड्डी घातलेला, हातात धुण्याची बादली घेतलेला उद्यान खात्याचा कारकून उभा होता.

"किल्ली?" त्यानं आधी विचारलं.

"ती पाणी खात्याकडे आहे," मी म्हणालो.

"इथून जाता येणार नाही. हे खासगी घर आहे. वाटेनं जा."

"वाट तुमच्या घराखाली गेलीय," शिकवणीच्या बाई म्हणाल्या. "बघा ना, इकडून येते आणि तुमच्या न्हाणीघरात शिरते. सरळ रेषा आहे."

"ते तात्पुरतं आहे."

तेव्हा सासूबाई पुढे झाल्या. आवाज शांत. "मला एवढंच सांगा. वाट बंद झाली म्हणून तुम्ही फाटकाला कुलूप लावलंत, की फाटकाला कुलूप लागलं म्हणून वाट बंद केलीत?"

कारकुनानं बादली या हातातून त्या हातात घेतली. आतून त्याच्या आईचा आवाज आला, "कोण आलंय रे? बाहेर का उभं केलंयस लोकांना?" आणि सोमवारी सकाळी साहेबासमोरही जो हलला नसता, तो माणूस बाजूला झाला. आम्ही त्याच्या न्हाणीघरावरून, स्वयंपाकघरातून, बैठकीच्या खोलीतून ओळीनं गेलो. म्हणजे जाणार होतो. त्याच्या आईनं सासूबाईंना बसवून घेतलं आणि चहा टाकला. मी त्यांच्या सोफ्यावर बसू नये म्हणून माझ्याखाली वर्तमानपत्र पसरण्यात आलं. चहा होईपर्यंत दोघी म्हाताऱ्यांचं असं काही जमलं, की निघताना कारकुनाची आई सोडायला दारापर्यंत आली. पुढच्या दारातून बाहेर पडलो तर समोर आमचीच गल्ली. अर्ध्या तासाची वाट आम्ही दुपार उलटेपर्यंत चाललो होतो.

संध्याकाळी मी बैठकीच्या खोलीत गरम पाण्याच्या टबात पाय सोडून बसलो होतो. पायाला काटा, अंगात कणकण, चष्मा कानाला बांधलेला. घरमालक आला, खुर्चीच्या कडेवर बसला आणि घड्याळाकडे बघू लागला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी. आत यायची तिची हिंमत होत नव्हती. सासूबाईंची बॅग भरून भिंतीशी ठेवलेली होती. मी मनातल्या मनात बचावाचं भाषण तयार केलं होतं, मुद्देसूद, पण घसा बसला होता.

सासूबाईंनी हात मांडीवर ठेवले. त्या माझ्याकडे बघून बोलायला लागल्या.

"शुक्रवारी तुम्ही म्हणालात, 'सोपी, सपाट, सावलीची.' सोपी नव्हती. सपाट नव्हती. म्हणालात, 'लहान मुलानं डोळे मिटून चालावी.' तुम्ही डोळे उघडे ठेवून पडलात. म्हणालात, 'अर्ध्या तासात गोल फिरून आपण आपल्याच दारात.' शनिवारी म्हणालात, 'पूलसुद्धा आहे.' आणि शुक्रवारीच मी विचारलं, तुम्ही नेहमी जाता? तुम्ही म्हणालात, 'नेहमी.'"

बायकोनं पदर नाही, हातातलं फडकंच तोंडाला लावलं. घरमालक उठायच्या बेतात होता. मी टबातल्या पाण्याकडे बघत होतो. शब्द सगळे माझेच होते, एकही नाकारता येत नव्हता.

"मी जन्मभर कोर्टात खोटं ऐकलं," त्या म्हणाल्या. "रोज. शपथ घेऊन बोललेलं. माणसं खोटं बोलतात ती स्वतःला वाचवायला, नाही तर दुसऱ्याला बुडवायला. मला इथं ठेवून घ्यायचं म्हणून कुणी एवढं धडधडीत खोटं बोललं, पार ओढ्यात जाऊन बसेपर्यंत बोललं, हे मी पहिल्यांदा ऐकलं." त्यांनी मांडीवरचे हात उचलून काठीवर ठेवले. "तिकडं चौथ्या मजल्यावर मला खोटं सांगायलासुद्धा कुणी येत नाही हो."

मग त्या घरमालकाकडे वळल्या आणि म्हणाल्या, "खोल्या मी घेतल्या. पुढचं बोला."

बायको धावत आली आणि आईच्या गळ्यात पडली, आणि रडता रडता हसायला लागली. घरमालकाला काही कळेना, तो सगळ्यांकडे बघून मान डोलवत होता. आणि मी टबातल्या टबात उभा राहिलो. का उभा राहिलो ते मला सांगता येणार नाही, पण कोर्टात निकाल लागताना लोक उभे राहत असावेत. टब कलंडला, पाणी घरमालकाच्या पायापर्यंत गेलं.

"बसा, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "पडाल."